सोमवारचं झाकण

दर सोमवारी दहाला दुकान उघडण्याआधी बूटदुरुस्तीवाले काका खोक्याच्या झाकणावर एक चित्र काढून काचेत लावत. दुरुस्तीला आलेल्या बुटाचा झिजलेला तळ बघून ते त्याच्या मालकाचा चेहरा काढत. हा नेम त्यांचा त्यांनीच घालून घेतला होता. आज दहाला पाच मिनिटं उरली, तरी झाकण कोरंच होतं.

“एक सोमवार चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे?” बायको म्हणाली.

“मागे एकच चुकला होता. मग नऊ वर्षं पेन्सिल हाती धरवली नाही.”

तिने पायातली चप्पल काढून त्यांच्यापुढे उलटी ठेवली. “मग हिची मालकीण काढा.”

टाच झिजून कागदासारखी झाली होती. घरातलीच चप्पल, पण काकांनी ती कधी उलटून पाहिली नव्हती. ते मान खाली घालून काढू लागले.

दहाला शटर तिनेच वर केलं, एका पायाने अनवाणी.