नकाशावरचा चहा

सुजाताच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा, फोन आला तेव्हा मी नागपूरला घरीच होतो. "दादा, ताई गेली," तो म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुम्ही येऊन राहिले ना?" दुपारी पांढुर्णा स्टेशनवर उतरलो. तिनं नव्यानं बांधलेलं घर मी पाहिलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी चौकशी केली, तर एक जण म्हणाला, "कांताबाईच्या चहाच्या मागचं घर." शहरांचे नकाशे आखण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या घराचा पत्ता एका चहाच्या टपरीवरून सांगितला जात होता. तो तसा सांगितला जावा, अशी व्यवस्था तिनंच करून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

सौंसरच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तिचे वडील नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह उघडायचे, आई संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायला जायची. सुजाता नागपूरला वास्तुकला शिकली, मग नगररचना. काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि नंतर कंत्राटावर पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात गेली. तिथलं सरकार मोकळ्या गवताळ माळावर तंत्रज्ञानाचं नवं शहर उभारत होतं. अशी शहरं एकाच साच्यातली असतात, असं ती सांगे. आधी कमान, मग रुंद रस्ता, मग काचेची इमारत, आणि मग माणसांची वाट पाहणं. तरीही या शहरांवर तिचा विश्वास होता, हे मुद्दाम नोंदवायला हवं. मी एकदा थट्टा केली तेव्हा ती उसळली. "आपल्या पांढुर्ण्याची पोरगी पुण्याले कायले जाते रे? इथं काम नाही म्हणून. तिथल्या पोरीले तरी आपल्या देशात काम भेटू दे ना."

तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई तिनं मला तिकडचं काम संपून आली तेव्हा सांगितली, जामसांवलीच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर, हातात कपबशी धरून. त्या माळावर बांधकामाच्या मजुरांसाठी गावातल्या बायका चुली मांडून बसत. दुधाचा चहा आणि चपाती. तिथल्या भाषेतही या दोन्ही गोष्टींना चाय आणि चपातीच म्हणतात, याचं सुजाताला फार कौतुक होतं. शहराची हद्दभिंत नेमकी त्या चुलींवरून जाणार होती. म्हणून तिनं भिंतीच्या आत, मुख्य रस्त्यालगत, एक तुकडा या बायकांसाठी राखला आणि नकाशा इंग्रजीत असल्यानं त्यावर चार रोमन अक्षरं लिहिली. सी, एच, ए, आय. चाय.

नकाशा कर्ज देणाऱ्यांच्या परदेशी सल्लागारांकडे गेला. शेवटची दोन अक्षरं पाहून ते खूश झाले. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचं केंद्र असणार, असं त्यांनी धरलं आणि जागा तात्काळ मंजूर केली. पुढच्या बैठकीत त्यांनी इमारतीचं चित्रही आणलं. काचेची, चार मजली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आमचे साहेब कानात म्हणतात, मॅडम, मंजूर होतंय तर होऊ द्या. म्या चूप बसली असती तर बायका भिंतीच्या बाहेर. बोलली असती तर जागाच कटली असती. अन् माझं कंत्राट त्याच महिन्यात नवीन व्हायचं होतं."

"बोललीस?"

"हाव. उभी राहिली अन् सांगून टाकलं, हे केंद्र नाही, हा चहा आहे…"

मग त्या देशाचे अधिकारी एकेक करून हसू लागले, कारण तो शब्द त्यांच्या घरचा होता. सल्लागार हसले नाहीत. सुजाताचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. जागेचं मात्र वेगळंच झालं. मंजूर झालेली गोष्ट रद्द करायलाही मंजुरी लागते. त्यासाठी सगळा नकाशा पुन्हा वर पाठवावा लागला असता, आणि त्याला कोणी तयार नव्हतं. तुकडा राहिला. त्यावर कोणाची इमारत आली नाही, बायका आल्या. "नोकरी गेली ना पण," मी म्हणालो. "चहा राहिला ना पण," ती म्हणाली आणि दुसरा कप मागवला.

परत आल्यावर तिनं पांढुर्ण्याला घर बांधलं. जिल्हा झाल्यापासून शहरात रस्ते रुंद होत होते आणि कांताबाईला दर वेळी ठेला उचलावा लागे. सुजातानं स्वतःची भिंत आत घेतली, पुढे तिच्या ठेल्याला जागा सोडून ओटा बांधला. मिस्त्री म्हणाला होता, "ताई, जागा फुकट चालली." त्यावर ती म्हणाली, "फुकट कशी? लोक बसतीन ना बाबा." हे मिलिंदनं सांगितलं.

काही दिवसांनी तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पुन्हा गेलो, तेव्हा ओट्यावर माणसं बसलेली होती. भिंतीला नवा चुना दिलेला होता, पण कांताबाईच्या स्टोव्हच्या वर एक चौकोन तसाच सोडला होता. त्यात निळ्या रंगात, नकाशावर लिहितात तशा सरळ हातानं लिहिलेली ती चार रोमन अक्षरं. मी बघत राहिलो, तेव्हा कांताबाईनं माझ्यापुढे कप ठेवला.

"चुनेवाला पुसून राहिला होता. म्या नाही पुसू देल्लं," ती म्हणाली. "मले वाचता नाही येत जी. पण ताई म्हणे, कांता, हे अक्षरं हायेत तवर तुले इथून कोणी उठवत नाही."