फाट्यावरच्या बैलाचा रंग

लोखंड गंजवायला अक्कल लागते, हे मी वीस वर्षं सांगतोय आणि कुणाला पटत नाही. कुठल्या कला महाविद्यालयानं मला दारात उभं केलं नाही. आधी वेल्डर होतो. मग कराडच्या भंगारवाल्यांशी घासाघीस करून फाळ, साखळ्या, जुनं लाकूड, घोंगड्या असं आणत गेलो आणि त्यातून जनावरं जोडायला लागलो. त्याला शिल्प म्हणतात हे मला नंतर कळलं.

त्यातला सगळ्यात मोठा बैल मी शिराळ्याकडच्या एका गावाला फाट्यावर उभा करायला दिला. अंग नांगराच्या फाळांचं, शेपूट उसाच्या ट्रॉलीच्या साखळीची, वशिंड घोंगडीचं. रंग दिला नव्हता. मिठाचं पाणी मारून मारून चार महिने त्याच्यावर गंज चढवला होता, पोटाखाली काळपट, पाठीवर तांबूस. पुण्याच्या एका गॅलरीच्या बाई गंजलेल्या बैलाचा फोटो पाहून तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर माझं पहिलं प्रदर्शन, नाही तर पुन्हा लोकांच्या खिडक्यांची ग्रिलं.

त्या दिवशी मी तासभर आधी पोचलो. बैल पांढराशुभ्र होता. शिंगं लाल, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळी. आदल्या दिवशी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला होता. गावात खरे बैल राहिले नव्हते, ट्रॅक्टर होते. मग मान माझ्या बैलाला.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

फाट्यावर बसलेले एक निवृत्त सुभेदार उठले. "आमीच की. लय गंजला हुता. दोन दिस घासला, तवा खाली लोखंड दिसलं."

"तो गंज मी मुद्दाम चढवला होता!"

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. "आवं, एवढा कसला राग त्या बैलावर?"

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. अख्खं गाव अडाणी ठरवलं. मग सौद्यावर आलो. थिनर आणा, निदान एक बाजू खरवडू. ते म्हणाले, सणाचा रंग पाच दिवस तरी निघायचा नाही. मी म्हणालो, नुसतं पोट. ते म्हणाले, शेपूट घ्या. तेवढ्यात बाईंची गाडी आली.

बाईंनी बैलाला तीन फेऱ्या मारल्या. पुरणपोळीचा फोटो काढला.

"गंजाऐवजी हा रंग, ही कल्पना तुमची?"

"माझीच," मी म्हणालो.

सुभेदार शेजारीच उभे होते. त्यांच्या कोपरापर्यंत पांढरा रंग होता. बाई त्यांच्याकडं वळल्या. "तुम्ही मदत केलीत वाटतं?"

"व्हय," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं तसा मारला आमी."

प्रदर्शन झालं. बैल पांढराच गेला, पाटीवर नाव माझं एकट्याचं. त्यानंतर मी दोनदा त्या गावाला गेलो. म्हटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल, टोमणा मारेल, म्हणजे मलाही दोन शब्द सुनावता येतील. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला, उसाचं विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं. बैलाचा विषय काढला नाही. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाशी असं वागायचं असतं का?