तंबूला दोन दारं होती

माझे बाबा शिंपी. सिंदीच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात एक शिलाई मशीन आणि दोन बाकं होती, पण तिथून साऱ्या जगाचा कारभार चालायचा. नागपूरचं वर्तमानपत्र गाडीनं आलं की बाबा चष्मा चढवत, आणि कापसाच्या बैलबंड्या घेऊन आलेले शेतकरी, अडते, स्टेशनवरचे हमाल भोवती जमत. कोरिया कुठं आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तरी अमेरिकेनं तिथं जावं की नाही, चीननं उतरावं की नाही, यावरून रोज हमरीतुमरी व्हायची आणि एखादीचं पोलकं दोन-दोन दिवस कापून तसंच पडायचं.

बाबांचं मत पक्कं होतं. दोन भाऊ भांडतात ते त्यांच्या घरात. बाहेरच्यानं पाय टाकला की भांडण मिटत नाही, वाढतं. काजं करता करता ते हे इतक्या ठामपणे सांगत, जसे काही दोन्हीकडचे पुढारी त्यांच्याकडेच कोट शिवायला टाकत होते.

मग लढाई थांबली आणि आमचाच दादा तिकडं गेला. तो फौजेत होता. घरी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारा ठेवायला आपल्या देशाची माणसं हवी होती, कारण आपण कुणाच्याच बाजूचे नव्हतो. दुकानात सगळ्यांनी बाबांची भरपूर चेष्टा केली. दुसऱ्याच्या घरात पाय टाकायला अखेर शिंप्याचंच पोरगं गेलं, म्हणाले. बाबा चार दिवस वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत होते.

दादा उन्हाळ्यात सुट्टीवर आला. तिकडचं तो फारसं बोलायचा नाही. एका सकाळी आम्ही दोघं अंगणात उशीत कापूस भरत होतो, तेव्हा त्यानं एक बोंडाएवढा कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांनी ओढून त्याचा धागा किती लांब निघतो ते पाहिलं. आमच्या बाजारात अडते पाहतात तसंच. मग म्हणाला, तिथला एक चिनी कैदी असंच करायचा. त्याच्या अंगातला कापूस भरलेला कोट फाटला होता, त्यातून कापूस काढून त्यानं तारेपलीकडून दादाला धागा ओढून दाखवला. दादानंही दाखवला. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघंही कापसाच्या मुलखातले आहेत एवढं कळलं, आणि दोघं हसले.

पुढचं त्यानं मान खाली घालून सांगितलं. कैद्याला एका तंबूत आणायचे. त्याच्या देशाची माणसं विचारायची, घरी येतोस का? तंबूला दोन दारं होती. एक घरी जायचं, दुसरं परत छावणीत. बाहेर घरी जायला विरोध करणारे कैद्यांचेच म्होरके ओरडत उभे असायचे, आणि घरी जायचं ज्याच्या मनात आहे असा संशय येई त्याचं रात्री छावणीत काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. तो कैदी नाही म्हणाला. छावणीच्या दाराशी आल्यावर मात्र त्यानं दादाची बाही धरली आणि सोडेना. दादाला हुकूम होता, माणूस जे बोलला ते प्रमाण. त्यानं एकेक बोट सोडवलं. त्यानंतर तो कैदी तारेपाशी कधीच आला नाही.

"त्याले एकट्याले विचाराले पाह्यजे होतं," दादा म्हणाला. "चार जणांसमोरचं नाई, ते नाई नसते."

तो हे मला का सांगत होता, ते मला कळत होतं. आमची ताई अल्लीपूरला दिली होती. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझी वेणी, माझे ताप, माझा पहिला पाटीवरचा श्री, सगळं तिनं केलं. मागल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मी तिला न्हाऊ घातलं आणि तिच्या पाठीवर बोटभर रुंद भाजल्याचा डाग पाहिला. चुलीशी लागलं, म्हणाली. पाठीला? मी विचारलं नाही. बाबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, ते तिचं घर आहे, आपण बाहेरचे. कोरियाबद्दल बोलताना असायचा तोच आवाज होता. दादा सुट्टीवर आल्यावर मी त्यालाही त्या डागाचं सांगितलं होतं.

दादा गेला असता तर तिथं चार पुरुष गोळा झाले असते, शब्दाला शब्द लागला असता. म्हणून सुट्टी संपवून निघताना त्यानं मला सांगितलं, "तू जाजो. तू बाईमाणूस, चुलीपाशी जाशील. एकटीले विचारजो. हो म्हणाली, का नुसती रडली, तरी घेऊन येजो. बाबाले मी पाहून घेईन."

आषाढाच्या आधी मी बाबांबरोबर गेले. ताईच्या सासूनं आमचं चांगलं केलं. पाटवडीचा रस्सा, वर लोणकढं तूप. तिच्या बहिणीचा मुलगा हिंगणघाटला नोकरीत होता आणि माझं लग्न त्याच्याशी ठरत आलं होतं. मी त्याला एकदा पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता. हे मी आज कागदावर पहिल्यांदा लिहिते आहे. ताई घागर घेऊन विहिरीकडं निघाली, दारात थांबली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उठले. सासू म्हणाली, "तू बस वं, आता तू बी आमच्याच घरची होणार." आणि मी बसले.

ताई परत आल्यावर मी विचारलं. सासूसमोर, बाबांसमोर, हातात सुपारी घेऊन विचारलं.

"ताई, सारं बरं आहे ना?"

तिनं आधी सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मले काय होते? खुशाल आहो मी."

निघताना ती मला कुंकू लावायला दाराशी आली. कुंकू लावून झालं आणि तिनं माझं मनगट धरलं. सासू मागंच उभी होती. बाबा रस्त्यावर जाऊन, मोटार चुकेल म्हणून हाका मारत होते. ती सोडेना. मी हसले, कुणी पाहिलं तर लाडानं धरलंय असं वाटावं म्हणून, आणि दुसऱ्या हातानं तिची बोटं सोडवली. दादाचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं होतं. नंतर नाही, त्याच क्षणी.

पोळ्याच्या आधी निरोप आला, तापानं गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताप किती दिवस होता हे तिथं दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं. बाबांनी काही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर ते मोटारीत लहान मुलासारखे रडले आणि मला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांच्यावर रागावणं सोपं होतं.

दादा रजा काढून आला. मला अंगणात नेलं. त्याचे डोळे सुजले होते.

"एकटीले विचारलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"काय म्हणे?"

"खुशाल आहो म्हणे."

मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझी काही चूक नाही, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

माझं लग्न वर्षभरानं झालं, हिंगणघाटच्या त्याच मुलाशी. नवरा भला माणूस निघाला. मी सुखात राहिले, आणि हे लिहिताना मला माझीच किळस येते.

पुढं सुएझचं प्रकरण झालं, हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले. दिवाळीला मी माहेरी होते. दुकानात तीच बाकं, तोच वाद. बाबा आता मत देत नव्हते, नुसतं वाचून दाखवत. दादा सुट्टीवर होता, त्याला सगळ्यांनी विचारलं, तू तर जाऊन आलास, मोठ्या देशांनी दुसऱ्याच्या घरात जावं का? मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

"जावं का नाई, मले नाई समजत," दादा म्हणाला. "पण आधी एकट्याले विचारावं, अन् तो जे सांगन ते मानावं. आमच्या ताईले आम्ही विचारलं होतं."

त्यानं साक्षीला माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि चहा दिला.