हेडफोनमधला झीलकरी

भोरमध्ये माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, घरमालक गाळा म्हणतो आणि खालचा पिठाच्या गिरणीवाला ‘वरचा गोंगाट’ म्हणतो, तेही गिरणी चालू ठेवून. भिंतींना स्पंज, दाराला गोधडी आणि कॉम्प्युटरमध्ये प्लगइन. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम. एक आवाज घुमवतो, एक गोल करतो, एक बेसुऱ्याला सुरात ढकलतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या गाण्यांवर माझं पोट चालतं, त्यामुळे हा शेवटचा सगळ्यात जास्त राबतो.

प्लगइन जमवायचं मला वेडच होतं. लागो न लागो, दिसला की उतरवायचा. आवाजाला ऊब देणारे तर माझ्याकडे सात होते. एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसून ऊब गोळा करणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

त्याच एप्रिलात वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावरून ओव्या म्हणणारे एक म्हातारे बाबा आले. सोबत त्यांचा पुतण्या, चाळिशीतला गडी, ढोल घेऊन. कापूरहोळला एसटी बदलताना कंडक्टरशी ढोलावरून वाद झाला होता, त्यामुळे दोघेही तापलेले. जत्रेत देवापुढं पहिली ओवी म्हणायचा मान कित्येक वर्षं बाबांचा. यंदा मात्र वाड्यावर कुजबुज सुरू झाली होती की म्हातारा थकला, ताल सांभाळत नाही, मान आता पुतण्याला द्या. पुतण्याला तो मान नको होता. बाबांची ओवी रेकॉर्ड करून सगळ्यांच्या मोबाईलवर टाकायची, म्हणजे आपोआप तोंडं बंद होतील, ही शक्कल त्याचीच.

मी आधी ढोल रेकॉर्ड करून घेतला. मग बाबांच्या कानांवर हेडफोन बसवला. मुंडासं काढा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

“कानात ढोल वाजेल, तुमचा आवाजही ऐकू येईल. बिनधास्त म्हणा.”

पहिली ओळ अशी आली की माझ्याच अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीनंतर बाबा जरा थांबले. तिसरीनंतर आणखी थांबले. कानातला ढोल पुढं निघून गेला आणि बाबा मागं राहिले. परत घेतलं, परत तेच.

मग मी बिघाड शोधायला घेतला. वायरी हलवल्या. विजेला शिव्या घातल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जो आमच्या धंद्यात सर्व रोगांवरचा काढा आहे. शेवटी पुण्यातल्या एका जाणकार मित्राला फोन केला. तो म्हणाला, “लेटन्सी असेल. गायलेलं कानात परत यायला उशीर होतोय. तुझे प्लगइन एकेक बंद करून बघ.”

मला भयंकर राग आला. माझे प्लगइन! माझी सिस्टीम एकदम ओके आहे, असं ठणकावून मी फोन ठेवला. आता खोलीत मी न जमवलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बाबा.

“बाबा, ताल सुटतोय,” मी म्हणालो. “वयानं होतं असं. राग मानू नका.”

बाबांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. “व्हय. वाड्यावरची मान्सं उगं न्हाई बोलत.”

पुतण्या ढोलाची दोरी आवळत बसला. चहा न घेता दोघं निघून गेले.

दोन दिवसांनी एका वाढदिवसाच्या गाण्याला आलेला गायक म्हणाला, “मला माझाच आवाज मागून येतोय.” याला दुनियेत ताल म्हणून काही असतं याची खबर नव्हती, पण तो नेत्याचा मेहुणा होता, त्यामुळे मला लगेच पटलं. मी एकेक प्लगइन बंद करायला लागलो. ऊब देणारे सातही निर्दोष निघाले. चोर सापडला सगळ्यात शेवटी. गाणं चकचकीत आणि दणदणीत करणारा तो प्लगइन होता. त्याला पुढचा आवाज आधी वाचून बघावा लागतो, म्हणून तो सगळंच क्षणभर अडवून धरतो. मागच्या वाढदिवसाला मीच तो लावला होता आणि विसरलो होतो. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. इथं अंगणच वाकडं होतं आणि मी नाचणाऱ्याला बोल लावून मोकळा झालो होतो.

मग बाबा का थांबत होते तेही डोक्यात शिरलं. ओवीत पुढच्यानं ओळ टाकली की मागचा झीलकरी तिचं शेपूट उचलून धरतो. त्याचं होईपर्यंत पुढचा माणूस थांबतो, ती रीतच आहे. बाबांच्या कानात मागून आवाज येत होता आणि बाबा त्या झीलकऱ्यासाठी अदबीनं थांबत होते. समोर पुतण्या ढोल वाजवत असता तर तोही थांबला असता. रेकॉर्ड केलेला ढोल कुणासाठी थांबतो?

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून मी वाड्यावर गेलो. बाबा मेंढरांना पाणी दाखवत होते.

“बाबा, ताल तुमचा सुटला नव्हता. मशीनची चूक होती.” मग जीभ रेटून म्हणालो, “माझी होती.”

“मंग तवा का न्हाई बोललास?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“म्हायत नव्हतं, तर माझं वय कशापायी काढलंस?”

पुतण्यानंच बाबांना समजावलं आणि त्यांना परत भोरला आणलं. या खेपेला मी हेडफोन दिलाच नाही. पुतण्या समोर बसला, ढोलही त्याचा आणि झीलही त्याची. एका दमात ओवी झाली. ताल कुठं तसूभर हलला नाही. पुढं ती वाड्यावरच्या सगळ्या मोबाईलवर फिरली, बोलणारे गप्प झाले आणि जत्रेतला मान बाबांचाच राहिला.

पण त्या दिवशी गाताना बाबा प्रत्येक ओळ संपली की डोळे उघडून माझ्याकडं बघत होते. मी दर वेळी मान डोलवत होतो. दुसरं काय करणार?

“चुलतं असं कवाच कुनाकडं बघत न्हवतं,” पुतण्या जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला. “आता मेंढरामागं गानं म्हनलं तरी माझ्याकडं बघत्यात.”

तेवढ्यात बाबा दारातून मागं फिरले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, “आज बराबर म्हनलं न्हवं म्या?”