भाद्रपदातलं कवळ

गाजलेलं प्रकरण विचारलं की कुठलाही निवृत्त पोलीस ताठ बसून सांगायला लागतो. मला सगळ्यात आधी आठवतं ते हे प्रकरण, आणि ते सांगताना ताठ बसता येत नाही. नावं कोणाचीच देणार नाही. दिल्याने आता कोणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही.

मी मूळचा सोलापूरकडचा. नोकरीची शेवटची वर्षं महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्यावर प्रभारी म्हणून काढली. हायवेवरचे अपघात, बांधावरची भांडणं, सावित्रीला पूर आला की बंदोबस्त, गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची कोंडी. ठाण्याचं वर्ष यातच सरायचं. डोंगरात एका मुंबईच्या माणसाने करमणुकीचं पार्क काढलं होतं. तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे कड्याच्या अंगाला झुलणारा मोठा लोखंडी पाळणा. एका वेळी आठ माणसं बसायची. माणूस बसला की छातीवर एक दांडा खाली यायचा आणि खटक्यात अडकायचा. बसणाऱ्याचा जीव म्हणजे तो खटका.

पौषातल्या एका रविवारी दुपारी चार नंबरच्या खुर्चीचा खटका सुटला. महाडच्या एका शिक्षकांची मुलगी खाली पडून जागीच गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी पोचलो तेव्हा लोकांनी तिच्यावर चादर घातली होती, आणि तिची एक चप्पल वर चार नंबरच्या पायपट्टीतच अडकून राहिली होती. पंचनाम्यात ती चप्पल मी स्वतः लिहवून घेतली.

पंचनामा करताना दोन गोष्टी नजरेत भरल्या. सात खुर्च्यांचे खटके कंपनीचे, एकसंध होते. चार नंबरच्या खटक्याला मात्र वेल्डिंगचा जोड होता आणि तो जोडावरच तुटला होता. दुसरी गोष्ट पार्कच्या अपघात नोंदवहीची. कोणताही अपघात झाला की लगेच कळवायचा, अशी परवान्याची अट होती. वही उघडली तर पहिल्या पानापासून रोज एकच शब्द, एकाच अक्षरात: निरंक. जिथे रोज शेकडो माणसं चढतात-उतरतात तिथे दोन वर्षांत कोणाचं साधं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं. इतकी स्वच्छ वही पाहिली की पोलिसाने सावध व्हावं. मी झालो, पण त्याचं श्रेय घेण्यात अर्थ नाही, ते पुढे कळेल.

पाळणा चालवणारा माणूस कुडपणच्या बाजूच्या एका वाडीतला होता. चाळिशीचा, दोन म्हशी आणि थोडी भातशेती असलेला. त्याला ताब्यात घेतलं. मी खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला की चूक त्याचीच झाली, दांडा त्याने नीट लावला नव्हता. वेल्डिंगचं विचारलं तर तो जोड पहिल्यापासून तसाच होता म्हणाला. तीस वर्षांत मी एक पाहिलंय. चूक केलेला माणूस आधी नाकारतो, मग अर्धं कबूल करतो, मग उरलेलं दुसऱ्यावर ढकलतो. विचारायच्या आधीच सगळं अंगावर घेणाऱ्याच्या पाठीशी दुसराच कोणीतरी उभा असतो.

मुलीचे वडील दर शनिवारी शाळा सुटली की ठाण्यात येत. मोठ्याने बोलत नसत, कोणाला शिव्या देत नसत. मी चहा मागवायचो, तो निवून जायचा. त्यांचा प्रश्न ठरलेला होता.

"साहेब, हा खटका याच्या आधी कधी सुटला होता का? एवढंच मला कळू द्या."

वर्गात गणित शिकवणाऱ्या माणसाने नेमकी तीच गोष्ट विचारली होती ज्यावर सगळा खटला उभा राहणार होता. खटका पहिल्यांदाच सुटला असेल तर दोष पाळणा चालवणाऱ्याचा. आधी सुटला असेल आणि मालकाला ते माहीत असेल, तर त्याने जाणूनबुजून माणसं त्या खुर्चीत बसवली, असा अर्थ होत होता.

धागा सापडला तो दासगावात. मुलीच्या शेजारच्या खुर्चीत तिची मैत्रीण बसली होती. ती धक्क्यातून सावरायला आठवडा गेला. मी आणि माझा हवालदार तिच्या घरी जबाब घ्यायला गेलो. बोलता बोलता ती म्हणाली की पार्कच्या फाटकाशी एक म्हातारी आवळे विकत बसली होती. दोघींनी तिच्याकडून आवळे घेतले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या पालन्यात नको बसू गो बाय. माजी सून पडली त्याच्यातून." दोघी हसल्या आणि आत गेल्या. हे सांगताना ती पोर रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली. हवालदार, जो खानदेशातला होता, मला बाजूला घेऊन म्हणाला की म्हातारीची बडबड कशाला लिहायची. मी म्हटलं, लिही.

फाटकावर चौकशी केली तर म्हातारी पाळणा चालवणाऱ्याच्याच वाडीतली निघाली. दुसऱ्या दिवशी जीपने जाता येईल तिथवर गेलो आणि पुढे वाडीपर्यंत तासभर चढलो. म्हातारी घरीच होती. मी खाकीत होतो. ती म्हणाली, "मी म्हातारी हाय सायेब, काय बी बोलते." सून ओटीवर काठी घेऊन बसली होती. पस्तिशीची असेल. ती पार्कमध्ये झाडलोट करायची आणि तिचा नवराही तिथेच पहाऱ्यावर होता. तिचं कमरेचं हाड मोडून नीट बसलं नव्हतं. कशी पडलीस, असं विचारलं.

"झाडावरून," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कवल तोडताना, सायेब. भादव्यात."

मी ते लिहून घेतलं. महिनासुद्धा लिहून घेतला. ती अजून माझ्याकडे बघतच होती. मला वाटलं, बाई घाबरली आहे. पाणी प्यालो आणि उतरलो.

ठाण्यात आल्यावर जुनं दप्तर काढायला सांगितलं. सरकारी दवाखान्यातून तेव्हा आमच्याकडे जखमी दाखल झाल्याची वर्दी आलेली असणार. ती होती. सोबत माझ्या याच हवालदाराने दवाखान्यात घेतलेला जबाब: 'कवळ तोडताना झाडावरून पडून जखमी. कोणाबद्दल तक्रार नाही.' खाली शेरा होता: 'पाहिले. दखलपात्र गुन्हा दिसत नाही. दप्तरी दाखल.' आणि त्याखाली माझी सही.

ही सही केल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. गणपतीच्या बंदोबस्ताच्या गडबडीत रोज तीस-चाळीस कागद समोर येत. कारकून पान उलटायचा आणि मी सही करायचो.

टेबलाशी आमची एक महिला शिपाई उभी होती, पोलादपूर तालुक्यातल्याच एका गावची. तिने कागद वाचला, वरची तारीख पाहिली आणि विचारात पडली. म्हणाली, "सर, हे कसं काय? भादव्यात कवळ कोण तोडतं?"

मग तिने मला शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगितलं. या डोंगरात भाताची रोपं करायच्या जागेवर आधी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजून घेतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडतात, ते कवळ. ते तोडायचं पौष-माघात, म्हणजे उन्हात वाळतं आणि पावसाच्या आधी जाळता येतं. भाद्रपदात भात शेतात उभं असतं, झाडं शेवाळाने निसरडी झालेली असतात. त्या दिवसांत कवळ तोडायला झाडावर चढणारा माणूस अख्ख्या तालुक्यात मिळायचा नाही. डोंगरातल्या चार वर्षांच्या पोराला जे कळलं असतं, ते मला कळलं नव्हतं, आणि माझ्या खानदेशी हवालदारालाही.

त्याच संध्याकाळी पाळणा चालवणाऱ्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. जुना कागद त्याच्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं की तुमच्या वाडीत भादव्यात कवळ तोडतात का.  तो गुडघ्यात मान घालून रडला आणि बोलायला लागला.

पार्कमध्ये रोज सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, पाळण्याची एक चाचणी फेरी काढायचा नियम होता. कंपनीने वजनासाठी वाळूच्या गोणी भरायला सांगितल्या होत्या. गोणी चढवा-उतरवायला वेळ जातो म्हणून व्यवस्थापक कामाच्या माणसांनाच बसवायचा. त्या दिवशी झाडणारी बाई चार नंबरमध्ये बसली. दुसऱ्या झोक्याला खटका सुटला. नशीब म्हणून ती कड्याच्या अलीकडच्या बाजूला पडली. व्यवस्थापकाने मालकाला फोन केला, तिला दवाखान्यात नेलं आणि झाडावरून पडले असं सांग म्हणून बजावलं. नवा खटका मागवला तर पाळणा महिनाभर बंद ठेवावा लागला असता. म्हणून जुनाच वेल्डिंग करून आणला.

मी व्यवस्थापकाला विचारलं, नोंदवहीत का लिहिलं नाही. तो मुंबईचा, चटपटीत माणूस. त्याने शांतपणे उत्तर दिलं, "सर, ते रजिस्टर गेस्टसाठी आहे. स्टाफचं त्यात येत नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याची खरंच तशी समजूत होती. इतक्या वर्षांत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण त्या वाक्याइतकी कशाची शिसारी आली नाही.

शिपाई बाई वर जाऊन जखमी बाईचा नवा जबाब घेऊन आली. त्यात सगळं खरं होतं. मालक आणि व्यवस्थापकासकट तिघांवर दोषारोपपत्र पाठवलं. त्या शनिवारी शिक्षक आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, होय, खटका आधी सुटला होता. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यांदा चहा प्यायले. मला वाटलं, काम फत्ते झालं.

खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. बचावाच्या वकिलांनी तो जुना कागद माझ्या हातात दिला. सही तुमची का? होय. यात पाळण्याचा उल्लेख आहे का? नाही. तुम्ही अनुभवी अधिकारी, तुम्हाला तेव्हा संशय आला नाही? नाही आला. मग तोच जबाब खरा आणि नंतरचा तुम्ही दबावाने घेतलेला, बरोबर? मी नाही म्हणालो. पण माझं नाही म्हणणं एका बाजूला आणि माझी सही दुसऱ्या बाजूला. वेल्डिंग करणाऱ्याला काही आठवलं नाही. पार्क काही महिने बंद राहून पुन्हा सुरू झालं होतं आणि वाडीतली बारा माणसं पुन्हा कामाला लागली होती. ती बाई पिंजऱ्यात आली, काठी टेकली आणि म्हणाली की झाडावरून पडले. साक्षीदार फितूर. पाळणा चालवणाऱ्याने पहिल्यासारखं सगळं अंगावर घेतलं. त्याला शिक्षा झाली. मालक आणि व्यवस्थापक सुटले. आधीच्या बिघाडाची त्यांना माहिती होती हे शाबीत झालं नाही.

निकालाच्या दिवशी शिक्षक कोणाशी न बोलता चवदार तळ्याच्या दिशेने चालत गेले. त्यांना हाक मारायची माझी छाती झाली नाही.

डेपोत कुडपणच्या गाडीची वाट बघत ती बाई बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. रागावलो नव्हतो, रागवायला कुठलं तोंड होतं मला? एवढंच विचारलं की आज खरं का नाही सांगितलंस.

तिने काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाली, "खरं मी पयल्याच दिवशी सांगितला व्हता, सायेब. त्यो पार्कचा मानूस उशाशी उभा व्हता. झाडावरून सांग म्हनाला. कवल मी माज्या मनानं घातला. म्हटलं, भादव्यात कवल वाचून कोन तरी इचारायला येल." मग म्हणाली, "तुमी सही केलीत."

गाडी लागली. कंडक्टरने तिला हात देऊन वर घेतलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. लिहिलेलं वाचावं, एवढंच शिकवलं. ज्या मातीतली माणसं आहेत त्या मातीतल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं. मी शिकलो, पण शिक्षकांची मुलगी गेल्यावर. भाद्रपद ते पौष, मधे चार महिने होते. त्या चार महिन्यांत तो कागद माझ्याच कपाटात, माझ्या पाठीमागे दीड हातावर पडून होता.