रवंथ करणारा घोडा

मी आयुष्यात एकाच घोड्यावर बसलोय, आणि तो जत्रेतल्या फोटोवाल्याचा, लाकडाचा होता. तरी नाद कसला, तर अमेरिकेतल्या काऊबॉयच्या विनोदी कादंबऱ्या लिहायचा! लिहायला बसायचो धामापूरच्या आमच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत.

दोन कादंबऱ्या साभार परत आल्या होत्या. तिसरीही आली तर लिखाण गुंडाळून काजूच्या कारखान्यात चिकटेन, असं आईला कबूल केलं होतं. मग मुंबईहून संपादकांचा फोन आला. पुस्तक त्यांना आवडलं होतं. फक्त पहिल्याच प्रकरणात नायक दरोडेखोरांची वाट बघत बसतो आणि त्याचा घोडा शेजारी निवांत रवंथ करतो, तिथे ते अडले होते.

"अहो, घोडा रवंथ करत नाही," ते म्हणाले. "लोक पुस्तकाला हसायचे सोडून तुम्हाला हसतील."

हे जनावर माझ्या पुस्तकात शेवटपर्यंत रवंथ करत होतं. निम्मे विनोद त्याच्या तोंडातच होते. ते काढले तर उरणार काय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर आमची म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती, तिचाही राग आला.

आई तिला आंबोण घालत होती. माझं प्रत्येक प्रकरण ती ऐकायची. काऊबॉयला 'राखणो' म्हणायची, म्हणजे गुराखी. तिला सगळं सांगितलं. तिने अगदी मनापासून विचारलं,

"घोडो रवंथ करणा नाय? मगे तो इचार कधी करता?"

मी उठून लिहायला बसलो. घोडा होता तसाच ठेवला, फक्त लहानपणापासून गाईंत वाढलेला केला. कादंबरीतल्या गावातला एक शहाणा त्याच्या रवंथावर हरकत घेतो, तेव्हा म्हातारा फौजदार त्याला आईचाच प्रश्न विचारतो. संपादक फोनवर खोकला लागेपर्यंत हसले, आणि पुस्तक निघालं.

छापील प्रत आली तेव्हा पडवीत बसून आईला वाचून दाखवली. फौजदाराच्या वाक्याला ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले.

"ह्या मात्र बरा लिवलंस रे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने माझ्या लिखाणाचं केलेलं हे पहिलं कौतुक. वाक्य आपलंच आहे, हे ती साफ विसरली होती. माझे दरोडेखोर निदान शेवटच्या पानावर गुन्हा कबूल करतात. मी नुसता "होय" म्हणालो आणि पुढचं पान उलटलं.