पिसेकाकांचा वजनकाटा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत पिसेकाका स्लीपिंग बॅगा भाड्याने देतात. बदकाच्या पिसांखालची मऊ लव भरलेल्या, बर्फात तंबू ठोकून झोपणाऱ्यांसाठीच्या. पिसेकाका हे नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं, आता काकूही तेच म्हणतात. स्वतः काका एकही रात्र तंबूत झोपलेले नाहीत. त्यांना सर्दी होते.

बावीस वर्षं त्यांचं वैर फक्त ओलीशी. हवा कोरडी ठेवणारं यंत्र दिवसभर घुरघुरत असतं. ओली छत्री घेऊन येणाऱ्याला ते जिन्यातच थोपवतात. बॅगा सुकवायच्या ड्रायरमध्ये टेनिसचे तीन चेंडू टाकतात, लवेचे गोळे फुटावेत म्हणून. काकू सांगतात, "लग्नात मी रडले तर हे रुमाल घेऊन धावले. मला वाटलं, प्रेम!"

पण खरा दरारा त्यांच्या वजनकाट्याचा. बॅग जाताना तोलायची, आल्यावर तोलायची. वाढलेला ग्रॅम म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे गिऱ्हाइकाचं चारित्र्य. "हा ओले मोजे आत घेऊन झोपला." "हिनं सकाळी बॅग वाळवली नाही, तशीच कोंबली." बलदंड गिर्यारोहक त्या काट्यापुढे माना खाली घालून उभे राहिलेले मी पाहिलेत.

माझी मुलगी चार रात्रींसाठी बर्फात गेली ती त्यांचीच बॅग घेऊन. वजन अकराशे ऐंशी ग्रॅम. निघताना मी दहादा बजावलं, "डोकंबिकं सगळं आत घे. नाकसुद्धा बाहेर ठेवू नकोस."

"हो गं आई."

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांना मी हे कौतुकानं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो वहिनी, श्वास आत सोडला की वाफ लवेत मुरते! पहिल्या रात्री कळत नाही. चौथ्या रात्री नुसता ओला गोळा, ऊब शून्य."

मी जिन्यातूनच लेकीला फोन लावला, तर तिथे रेंज नाही.

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "काळजी कशाला? तुझं तिनं कधी ऐकलंय?"

एरवी या वाक्यावरून मी घर डोक्यावर घेतलं असतं. एकवीस वर्षं पोरीनं ऐकावं म्हणून घसा कोरडा केला. त्या तीन दिवसांत मात्र तिला वळण लावण्यात आपण साफ नापास झालो असू दे, एवढीच माझी इच्छा होती.

पाचव्या दिवशी ती आली, नाकाचा शेंडा लालभडक. मी तिला तसंच तळमजल्यावर नेलं. काकांनी बॅग काट्यावर ठेवली. अकराशे ब्याण्णव.

"बाराच ग्रॅम! चार रात्रींत!" काकांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"तोंड कुठे होतं तुझं?" मी विचारलं.

"बाहेर. वर मफलर. सकाळी मफलर पापडासारखा कडक, बॅग कोरडी."

"मग 'हो गं आई' कशाला म्हणालीस?"

"त्याशिवाय तू दारातून सोडतेस का?"

काका भारावून म्हणाले, "वहिनी, पोरीला छान वळण लावलंत हो."

मी मान डोलावली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा जाणार आहे. नाक बाहेर ठेव, असं मी मुळीच सांगणार नाही. सांगितलं, तर आत घेईल.